घर मोजायचे ते एकाच मापाने: सोलापुरातील बँका, पतसंस्था आणि गृहवित्त कंपन्यांच्या कर्ज विभागांस खुले पत्र

प्रति,
कर्ज विभागातील सर्व अधिकारी,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील बँका, नागरी सहकारी बँका, पतसंस्था आणि गृहवित्त कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मी स्थापत्य अभियंता असून गेली सत्तावीस वर्षे सोलापुरात घरांचे मूल्यांकन करतो आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर माझे अहवाल आलेले आहेत आणि काहींशी माझी फोनवर वादावादीही झालेली आहे. हे पत्र माझ्या व्यवसायबंधूंनीही वाचावे अशी इच्छा आहे, परंतु ते लिहितो आहे तुम्हाला. घर मोजण्याची जुनी सवय सोडून नवी शिस्त अंगी बाणवण्याचे काम आम्ही व्हॅल्युअर मंडळींनी सुरू केले असले, तरी तुमच्या छापील फॉर्मातला एक रकाना बदलल्याशिवाय ते तडीस जाणार नाही. तो रकाना ‘क्षेत्रफळ’ या नावाचा आहे आणि त्यात एकच आकडा मावेल एवढीच जागा असते.

त्या एका आकड्यापायी काय होते, ते आधी माझ्याच चुकीतून सांगतो.

जुळे सोलापुरातील एका फ्लॅटचे मूल्यांकन मी २०११ साली केले होते. करारनाम्यात क्षेत्र ८५० चौरस फूट लिहिलेले होते. मी घरात गेलो, खोल्या पाहिल्या, फोटो काढले आणि अहवालात ८५० हाच आकडा उतरवला, कारण त्या काळी सगळेच तसे करत असत आणि दस्तात लिहिलेले क्षेत्र पुन्हा मोजून पाहावे असे मला कोणी सांगितले नव्हते, मलाही सुचले नव्हते. आठ वर्षांनी त्याच फ्लॅटवर वाढीव कर्ज घ्यायचे म्हणून तीच फाइल पुन्हा माझ्याकडे आली. तोपर्यंत मी प्रत्येक घर स्वतः मोजू लागलो होतो. रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, ६१२ चौरस फूट भरले आणि बाल्कनी ४६ चौरस फूट, तीही वेगळी दाखवली. घरमालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारले, “साहेब, आमचं घर आटलं का काय?”

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे माझे कर्तव्य होते, कारण पहिल्या अहवालावर सही माझीच होती. मी एका कागदावर त्यांना हिशोब मांडून दाखवला. समजा त्या भागात चटई क्षेत्राचा दर चौरस फुटाला ५,००० रुपये आहे. ६१२ ला ५,००० ने गुणले तर ३०,६०,००० रुपये होतात. आता जिना, लॉबी, भिंती आणि बिल्डरने लावलेला वाढावा धरून तेच घर ८५० चौरस फूट म्हणायचे असेल, तर त्या ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्राचा दर ३,६०० धरावा लागेल, आणि ८५० ला ३,६०० ने गुणले तरी ३०,६०,०००च येतात. घर तेवढेच राहते, किंमतही तेवढीच राहते. घात तेव्हा होतो जेव्हा क्षेत्र एका पद्धतीचे आणि दर दुसऱ्या पद्धतीचा घेतला जातो. ८५० ला ५,००० ने गुणले की त्याच घराची किंमत ४२,५०,००० होते, म्हणजे ११,९०,००० रुपये असे वाढतात ज्यांच्यामागे एक वीटही नाही. कर्ज बुडाले आणि तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली लिलावाची वेळ आली, की हे अकरा-बारा लाख कोठे गेले याचा शोध सुरू होतो. तो कधी व्हॅल्युअरच्या दारात येऊन थांबतो, कधी ज्या अधिकाऱ्याने फाइल पुढे सरकवली त्याच्या दारात.

‘चटई क्षेत्र’ एवढा एकच शब्द वापरला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. मोफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या सदनिका कायद्यात चटई क्षेत्रात बाल्कनी धरावी असे स्पष्टीकरण आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम २ मधील व्याख्येत बाहेरच्या भिंती, सेवांचे डक्ट, त्या सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि स्वतंत्र खुली गच्ची वगळलेली आहे, परंतु आतल्या विभाजक भिंतींनी व्यापलेली जागा धरलेली आहे. आयएस ३८६१ हे घराचे जोते क्षेत्र (भिंतींसह बांधलेली जागा), चटई क्षेत्र आणि भाडेयोग्य क्षेत्र मोजण्याचे भारतीय मानक असून त्याची २००२ ची आवृत्ती आम्ही वापरतो. त्यातले चटई क्षेत्र भिंतींची जाडी सोडून मोजायचे असते आणि त्यातून व्हरांडा, बोळ, जिना अशा जागाही वजा होतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चटई क्षेत्र म्हणजे प्रत्यक्ष चटई अंथरता येईल एवढी जागा, आतल्या भिंतींची जाडी वगळून, असे म्हटलेले आहे. त्या शिक्षकांच्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंतींनी २८ चौरस फूट व्यापलेले होते. म्हणजे तेच घर रेराप्रमाणे ६१२, आतल्या भिंती सोडून ५८४, आणि भिंती सोडून बाल्कनी धरली तर ६३०. यातला एकही आकडा खोटा नाही. मात्र तुमच्या रकान्यात त्यांतला जो कोणता पडेल, तो पडल्यानंतर कोणालाच कळत नाही की तो कोणता आहे.

डिसेंबर २०२० पासून यात आणखी एका आकड्याची भर पडली आहे. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना, आणि त्यांत सोलापूर महानगरपालिकेलाही, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि मंजूर नकाशांवर ‘पी-लाइन’चे क्षेत्र दिसू लागले. इमारतीच्या बाह्य रेषेच्या आत येणारे सगळे बांधकाम, म्हणजे बाल्कनी, जिना, भिंती, हे त्या रेषेत मोजले जाते. बांधकामाला किती चटई निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात केलेले बांधकाम) लागला हे ठरवण्यासाठी हा हिशोब आहे आणि त्या कामापुरता तो सरळ व चांगला आहे, किंबहुना पूर्वीच्या सवलतींच्या गुंतागुंतीपेक्षा कितीतरी बरा आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत नकाशावरचे पी-लाइन क्षेत्र हेच ग्राहकाच्या फ्लॅटचे क्षेत्र असे समजून तयार केलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. महापालिकेला जो प्रश्न सोडवायचा असतो तो तुमचा प्रश्न नाही. तुमचा प्रश्न असा आहे की उद्या हे घर विकले तर विकत घेणाऱ्याला काय मिळेल.

फ्लॅटचे एवढे सांगून झाल्यावर मी गावात येतो, कारण सोलापुरात खरी कसोटी पेठांमध्ये लागते.

साखर पेठेत मागच्या हिवाळ्यात मी एक घर मोजले. कुटुंब तेलुगू भाषक, तीन पिढ्या विणकामात. खाली पुढच्या बाजूला यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर पत्र्याच्या दोन खोल्या. जुन्या खरेदीखतात घराचे वर्णन ‘तीन खणांचे माळवदी घर’ एवढेच आहे. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, आणि ते अंतर त्या काळी मिळालेल्या तुळईच्या लांबीवर ठरायचे, त्यामुळे एका घराचा खण दुसऱ्या घराच्या खणाएवढा असेलच असे नाही. माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, तर केव्हाच उतरवलेले आहे. भिंती मात्र जुन्याच, दगडी, दोन फूट जाडीच्या. घरातल्या वयस्कर बाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते आणि मीही तेच म्हणालो, माझ्याबरोबर टेपचे दुसरे टोक धरून फिरत होत्या. मागांच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसला. त्यावर पाय ठेवून त्या म्हणाल्या, “इथं सासऱ्यांच्या हातमागाचा खड्डा होता, साहेब. पॉवरलूम आले तेव्हा बुजवला. हेपण मोजायचं का?” मी म्हणालो, “अक्का, सगळं मोजायचं.”

बाहेरून घर वीस फूट बाय चाळीस फूट, म्हणजे ८०० चौरस फूट. परंतु पूर्वेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. सामाईक भिंतीचा मध्य धरला की रुंदी एकोणीस फूट होते आणि क्षेत्र ७६०. आत उतरून मोजले तर चारही बाजूंच्या दोन-दोन फुटांच्या भिंती जाऊन सोळा बाय छत्तीस, म्हणजे ५७६ चौरस फूट उरतात. त्यांतले ३८४ चौरस फूट मागांच्या शेडचे, १६ चौरस फूट मधल्या एक फुटी भिंतीचे आणि तळमजल्यावर माणसांनी राहायची जागा १७६ चौरस फूट. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यदर तक्त्यातला, दर भिंतींसह धरलेल्या बांधीव क्षेत्रावर असतो म्हणून चटई क्षेत्राला १.२ ने गुणून बांधीव क्षेत्र काढण्याची सवय आपल्या सगळ्यांच्या हाडीमासी खिळलेली आहे. येथे ५७६ ला १.२ ने गुणले तर ६९१ येतात, आणि प्रत्यक्षात बांधीव क्षेत्र ७६० आहे. आरसीसी चौकटीच्या, सहा इंची भिंतींच्या इमारतीसाठी रूढ झालेला गुणक दोन फुटी दगडी भिंतीला लावला, की एकोणसत्तर चौरस फूट कागदावरून नाहीसे होतात. हे घर ज्या फाइलमध्ये होते, तीत आधीच्या मूल्यांकनात तळमजला ‘निवासी, ८०० चौरस फूट’ असा दाखवलेला होता. निवासी दराने ८०० चौरस फुटांची किंमत काढायची आणि राहायला जागा १७६ चौरस फूट, हे त्या कुटुंबाच्याही हिताचे नाही आणि कर्ज देणाऱ्याच्याही.

पत्र्याच्या खोल्यांचा प्रश्न याहून नाजूक होता. उतरते छप्पर एका बाजूला नऊ फूट आणि दुसऱ्या बाजूला साडेपाच फूट. आपल्या नियमावलीनुसार राहण्याच्या खोलीला साधारण २.७५ मीटर, म्हणजे नऊ फुटांच्या आसपास उंची लागते. त्या कसोटीवर खोलीचा बहुतेक भाग बाद होतो, आणि तरीही तेथे चार माणसे झोपतात, मुले अभ्यास करतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात देव आहेत. मी ते क्षेत्र मोजले, स्वतंत्र ओळीत लिहिले, दोन्ही टोकांची उंची लिहिली आणि बांधकामाची परवानगी आढळली नाही असेही लिहिले. त्याखाली सुताची पोती ठेवण्यासाठी केलेला पोटमाळा होता, जेमतेम पाच फूट उंचीचा. त्याचे क्षेत्र बेरजेत धरले नाही, फक्त नोंदवले. असा अहवाल वाचायला लांब लागतो, हे मान्य आहे. परंतु त्या घराविषयी जे खरे आहे ते एका आकड्यात मावत नाही.

आपण एकटेच या गोंधळात नाही, हे येथे सांगणे मला गरजेचे वाटते. अमेरिकेत घरकर्जे विकत घेणारी फॅनी मे ही मोठी संस्था आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिने तेथील मूल्यांककांना एकाच मानकाप्रमाणे घर मोजणे बंधनकारक केले. त्या मानकाचे नाव एएनएसआय झेड ७६५ असून २०२१ ची आवृत्ती लागू करण्यात आली. त्यात स्वतंत्र घर बाहेरून मोजायचे असते. जिना ज्या मजल्यावरून खाली उतरतो त्या मजल्याच्या क्षेत्रात धरला जातो. जमिनीच्या पातळीखालचे तळघर कितीही सजवलेले असले तरी मुख्य क्षेत्रात न धरता वेगळे दाखवावे लागते. सात फुटांपेक्षा कमी उंचीचे छत सहसा चालत नाही, आणि उतरत्या छताच्या खोलीत निम्म्याहून कमी नाही एवढे क्षेत्र सात फूट उंचीचे असावे लागते व पाच फुटांच्या खालचा भाग मोजलाच जात नाही. पुष्कळ मूल्यांककांना त्यासाठी हातातली जुनी पद्धत टाकून नवे शिकावे लागले. त्यांचे तळघराचे नियम जसेच्या तसे आपल्याकडे आणावेत असे मी मुळीच म्हणत नाही, आपली घरे निराळी आहेत. मला त्यातली घ्यावीशी वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. एखादे घर मानकाप्रमाणे मोजणे शक्य नसेल, तर तेथील मूल्यांककाने अहवालात ठरलेला संकेत (कोड) लिहून कारण द्यायचे असते. कसे मोजले आणि ठरल्याप्रमाणे का मोजले नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अहवाल उघडताच वाचणाऱ्याला मिळतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर निवासी इमारतींसाठी २०१६ साली आणि सर्व प्रकारच्या इमारतींसाठी २०२३ साली जी सामाईक मोजणी मानके प्रसिद्ध झाली, त्यांचाही गाभा हाच आहे की आकड्याबरोबर त्याची व्याख्या चालली पाहिजे.

आमच्या बाजूने काय बदलावे लागले तेही मोकळेपणाने सांगतो, कारण तुमच्यापैकी काहींचा समज असा दिसतो की लेझर मीटर विकत घेतले की काम झाले. मी ते यंत्र प्रथम घेतले तेव्हा माझाही तोच समज होता. खोलीच्या आत ते उत्तम चालते, एका माणसाला पुरते, आणि मोजमाप सेंटिमीटरपर्यंत घेण्याची भारतीय मानकाची अपेक्षा सहज पुरी होते. पण सोलापूरच्या उन्हात बाहेरच्या भिंतीवर त्याचा लाल ठिपका दिसतच नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर सकाळी दहानंतर बाहेरची मापे टेपनेच घ्यावी लागतात. कापडी टेप ताणला जातो म्हणून तो मी टाकून दिला आणि पोलादी टेप ठेवला. जुन्या वाड्यांच्या खोल्या काटकोनात नसतात. चार बाजू मोजून लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर फसगत होते, म्हणून दोन्ही कर्ण मोजून खोलीचे दोन त्रिकोण करावे लागतात. शुक्रवार पेठेतल्या एका ओसरीचे दोन कर्ण दीड फुटाने वेगळे निघाले होते, आणि आधीच्या तिन्ही कागदांत ती ओसरी सरळ आयताकृती दाखवलेली होती. पूर्वी एका फ्लॅटला मला दहा मिनिटे लागत, आता चाळीस लागतात. अक्कांच्या घराला तीन तास लागले. आकृती काढणे, प्रत्येक बाजूवर माप लिहिणे, मजल्यागणिक बेरीज करणे आणि फुटांचे चौरस मीटर करून दोन्ही आकडे देणे, हे सगळे त्यानंतर.

आमच्यातल्या ज्येष्ठांना हे जड जाते आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. नजरेने खोली पाहून दहा बाय बारा सांगणारे आणि सहसा न चुकणारे लोक या व्यवसायात होते, काही अजून आहेत. संपत्ती कराच्या कायद्याखाली नोंदणी झालेले जुने मूल्यांकक आणि कंपनी कायद्याच्या २०१७ च्या नियमांखाली परीक्षा देऊन नोंदणी झालेले नवे मूल्यांकक एकाच गावात काम करत आहेत आणि त्यांचे शिक्षण वेगवेगळ्या काळात झालेले आहे. पण अनुभवी नजरेने काढलेला आकडाही कागदावर तपासता आला पाहिजे, अन्यथा तो माणूस निवृत्त झाला की त्याच्या फाइली मुक्या होतात. माझे स्वतःचे मत असे आहे की दोन प्रामाणिक मूल्यांककांच्या मोजणीत एक-दोन टक्क्यांचा फरक पडला तर त्यावर काहूर माजवू नये, मात्र फरक त्याहून अधिक असेल तर दोन्ही आकृत्या समोर ठेवून तो कोठे पडला हे शोधलेच पाहिजे. आकृती असेल तर हे काम पाच मिनिटांचे आहे.

आता तक्रार. दोन वर्षांपूर्वी कर्ज देणाऱ्या एका संस्थेने माझा अहवाल परत पाठवला. दस्तात ९२० चौरस फूट होते, मी रेराप्रमाणे मोजलेले क्षेत्र ६७० होते, आणि फरकाचे कारण मी अर्धे पान लिहून दिलेले होते. फोनवर मला सांगण्यात आले की सिस्टीममध्ये दोन आकडे बसत नाहीत, दस्तात आहे तेच टाका. मी नकार दिला. फाइल दुसरीकडे गेली आणि दोन दिवसांत तेथून ९२० चा अहवाल आला, हे मला त्या ग्राहकानेच नंतर सांगितले. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडते असे नाही. जो अधिकारी फोनवर बोलत होता तोही मनाने वाईट नव्हता. त्याच्या पुढ्यातल्या पडद्यावर खरोखरच एक चौकट होती आणि महिनाअखेर होती. परंतु ज्या मूल्यांककाला खरे लिहिल्याबद्दल काम गमवावे लागते, तो पुढच्या वेळी काय लिहील याचा विचार तुम्ही करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझे मागणे फार मोठे नाही. क्षेत्रफळाचा तो एक रकाना मोडून त्या जागी ‘दस्तातील क्षेत्र’ आणि ‘प्रत्यक्ष मोजलेले क्षेत्र’ असे दोन रकाने करावेत, आणि दुसऱ्या रकान्यासमोर मोजणीची पद्धत लिहिणे सक्तीचे करावे. फ्लॅट असेल तर रेराचे चटई क्षेत्र आणि त्याखाली बाल्कनी, खुली गच्ची यांचे वेगळे आकडे, आणि स्वतंत्र घर असेल तर आयएस ३८६१ प्रमाणे मजल्यागणिक जोते क्षेत्र, ज्यात तळघर, पोटमाळा आणि मागांची शेड यांची बेरीज राहत्या जागेत मिसळलेली नसेल. मोजमापांसह काढलेली आकृती जोडल्याशिवाय अहवाल स्वीकारू नये, मग तो माझा असो की आणखी कोणाचा. दराचा पुरावा म्हणून आम्ही जी विक्रीची उदाहरणे देतो, त्यांचे क्षेत्रही त्याच पद्धतीत आणून मगच तुलना केली आहे, असे आमच्याकडून लिहून घ्यावे. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, काढला तर एका दस्तात चटई क्षेत्र आणि शेजारच्याच दस्तात बांधीव क्षेत्र असते, आणि ते न पाहता दोन्ही दरांची सरासरी काढली जाते. माझ्या मते आजच्या अहवालांतली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी दिसणारी चूक हीच आहे.

फीविषयी बोलणे संकोचाचे आहे, पण बोलतो. दहा मिनिटांच्या पाहणीसाठी ठरवलेल्या फीमध्ये आणि ‘आज संध्याकाळपर्यंत द्या’ या मुदतीत तीन तासांची मोजणी होत नाही. पेठेतल्या जुन्या घरांसाठी किमान एक पूर्ण दिवस आणि त्या श्रमाला साजेशी फी ठरवावी. अन्यथा तुम्ही मोजणी मागाल आणि तुम्हाला पुन्हा दस्ताची नक्कलच मिळेल.

एक शंका तुमच्या वरिष्ठांकडून हमखास येते, की नव्या पद्धतीने मोजले तर आमच्याकडच्या जुन्या तारणांची क्षेत्रे एकदम कमी दिसतील आणि तपासणीच्या वेळी आम्हालाच उत्तरे द्यावी लागतील. त्याचे उत्तर त्या शिक्षकांना दाखवलेल्या कागदातच आहे. जेथे दर आणि क्षेत्र एकाच पद्धतीचे होते, तेथे किंमत बदलणार नाही, फक्त दोन्ही आकडे बदलतील. किंमत बदलेल ती जेथे दोहोंची मिसळ झाली होती तेथे, आणि अशी तारणे आपल्याकडे कोठे आहेत हे लिलावाच्या आधी कळलेले बरे.

लहान घरांच्या बाबतीत तर घाई केली पाहिजे. कुंभारीच्या माळावर रे नगर या कामगार वसाहतीची हजारो घरे उभी राहिली, त्यांतल्या पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती पडल्या, आणि त्याआधी विडी कामगारांच्या वसाहती झालेल्या आहेतच. दुरुस्तीसाठी, वाढीव खोलीसाठी यांतली माणसे तुमच्याकडे येतच राहणार. आवास योजनेच्या २०१५ च्या सूचनांत दुर्बल घटकांच्या घराची मर्यादा ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची होती. आतून पाच मीटर बाय सहा मीटरचे घर बरोबर ३० चौरस मीटर भरते. तेच घर पंधरा सेंटिमीटरच्या भिंती धरून बाहेरून मोजले तर ३३.३९ होते. आतून मोजले की बाहेरून, एवढ्याच फरकावर एखादे विडी वळणाऱ्या बाईचे घर योजनेत बसत असे किंवा बसत नसे. बंगल्याच्या मोजणीत साडेतीन चौरस मीटर इकडे-तिकडे झाले तर कोणी विचारत नाही, पण त्या घरात तेवढी जागा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि त्यापुढे बसायची जागा असते.

येत्या महिन्यापासून माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर मोजणीची पद्धत, मोजणीची तारीख, वापरलेले साधन आणि ज्या भागात शिरता आले नाही त्याचा उल्लेख असेल, आणि शेवटी मापांसह आकृती असेल. ज्या संस्थांच्या फॉर्मात त्याला जागा नाही, त्यांना मी ती स्वतंत्र पानावर जोडून देईन. माझ्या ओळखीच्या चार व्यवसायबंधूंनीही असेच करण्याचे ठरवले आहे.

तुमच्यापैकी कोणाला हे सारे कागदावर पटत नसेल, तर माझ्याबरोबर एक घर मोजायला या. अक्कांना मी विचारले आहे आणि माग बंद असतील त्या दिवशी या म्हणून त्यांनी सांगितले आहे. टेपचे दुसरे टोक तुम्ही धरा, आकडे तुमच्याच वहीत लिहा आणि परत जाऊन ते तुमच्या पडद्यावरच्या चौकटीत बसवून पाहा. दिवस ठरला की कळवतो. फक्त सकाळी आठ वाजता साखर पेठेत पोहोचावे लागेल, कारण त्या घराची दर्शनी भिंत बोळाला लागून आहे आणि ऊन वर आले की ठिपका दिसेनासा होतो.

आपला,
सोलापुरातील एक नोंदणीकृत मूल्यांकक